पाळी येईपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : वाचक 29 वर्षांच्या आहेत. पाच महिन्यांपूर्वी सिझेरियन होऊन पहिलं मूल झालं. बाळ अंगावर पितं, पण गेल्या महिन्यापासून रात्री एक बाटली वरचं दूध देतात आणि मग ते सलग सात-आठ तास झोपतं. पाळी अजून सुरू झालेली नाही. दुसरं मूल हवं आहे, पण तीनेक वर्षांनी. डॉक्टरांनी तांबी (गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायचं छोटं साधन) सुचवली आणि ‘पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या’ असं सांगितलं. आईचं म्हणणं, पोटावर टाके आहेत, वर्षभर पिशवीला हात लावू देऊ नकोस. मोठ्या जाऊबाईंना तांबीने इतकं अंगावरून गेलं की चार महिन्यांत ती काढावी लागली. नवरा ‘सांभाळून’ घेतो आणि ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणतो. त्या विचारतात : तांबी नेमकी कधी बसवावी? पाळी लवकर यावी म्हणून गोळ्या घेऊ का? आणि दहा वर्षांची तांबी तीन वर्षांसाठी बसवण्यात काय अर्थ?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र वाचून असं वाटलं की तांबी बसवायचं तुम्ही जवळपास ठरवलेलंच आहे. अडलंय ते पाळीपाशी. पाळी येईल, मग डॉक्टरांकडे जाऊ, मग बघू. आणि ती काही येत नाही. तेव्हा आधी पाळीचंच बघू.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तांबी बसवायची ही रीत जुनी आहे आणि ती उगाच पडलेली नाही. त्या दिवसांत बाई गरोदर नसणार याची जवळजवळ खात्री असते. गर्भाशयाचं तोंड किंचित सैल असतं. शिवाय तांबी बसवल्यावर जे थोडं रक्त जातं, ते पाळीतच खपून जातं. पण यातलं खरं वजनदार कारण पहिलं, बाकीची दोन सोयीची. पाळी चालू असताना बसवलेली तांबी आणि एरवी बसवलेली तांबी यांच्या कामात किंवा टिकण्यात फारसा फरक पडत नाही, असंच आजवरचे अभ्यास सांगतात. डॉक्टरला हवी असते ती गर्भ नसल्याची खात्री. पाळी हा तिचा एक पुरावा झाला. तो मिळत नसेल तर दुसरा शोधता येतो.

बाळंतपणानंतर तर हा पुरावा फारच उशिरा हातात येतो. अंडाशयातून बीज आधी सुटतं आणि ते फळलं नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच बाई पुन्हा गरोदर राहू शकते. ‘पाजतेय म्हणून पाळी येत नसेल’ असं समजून निवांत असलेली बाई पोट जड वाटतं म्हणून तपासायला येते आणि सोनोग्राफीत चार महिने भरलेले दिसतात, हा प्रसंग स्त्रीरोगतज्ज्ञांना काही नवा नसतो. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. पाळीची वाट पाहणं म्हणजे काहीच न करणं, असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात त्या वाट पाहण्यातही एक जोखीम आहे आणि ती तुम्ही आत्ता रोज घेताय, एवढंच दाखवायचं आहे.

अंगावर पाजल्याने संरक्षण मिळतं हे खरं आहे. चांगलं मिळतं, शंभरातल्या 98 जणींना. पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत : बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर असावं. पाजण्यात दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा मोठा खंड पडू नये, असाही दंडक सांगतात. तुमच्याकडे रात्रीची बाटली आहे आणि सात-आठ तासांची झोप आहे. (ती झोप तुम्हाला हवीच होती. त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका.) म्हणजे तिसरी अट सैल झाली आहे आणि पहिली पुढच्या महिन्यात संपतेय. यापुढे या कवचाच्या भरवशावर राहू नका.

नवऱ्याच्या सांभाळून घेण्याच्याही नाही. वीर्य बाहेर सोडण्याच्या पद्धतीवर विसंबणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी साधारण वीस जणींना वर्षभरात दिवस जातात. तांबीच्या बाबतीत हा आकडा शंभरात एकीपेक्षाही कमी आहे.

तर मग तुम्ही काय करायचं? आजपासून कंडोम वापरा, न चुकता, दर वेळी. तीन आठवडे झाले की सकाळच्या पहिल्या लघवीची गरोदरपणाची तपासणी करा. तीनच आठवडे का, तर शेवटच्या बेभरवशाच्या संबंधातून काही राहिलं असेल, तर ते तपासणीत दिसायला इतका वेळ द्यावा लागतो. त्याआधीची ‘नाही’ ही पक्की ‘नाही’ नसते. तीन आठवड्यांनंतरही तपासणी नकारात्मक आली, तर त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात तांबी बसवून घेता येते, पाळी आलेली असो वा नसो. डॉक्टरांना हा सगळा हिशोब स्पष्ट सांगा : कधीपासून कंडोम, कधी तपासणी, रात्रीची बाटली कधीपासून. त्यांनी ‘पाळी आली की या’ म्हटलं तेव्हा यातलं बरंचसं त्यांच्यासमोर नसेल. तरीही त्या पाळीसाठीच थांबा म्हणाल्या, तर कारण विचारा. कारण असू शकतं, आणि ते तुम्हाला कळायला हवं.

पाळी आणण्याच्या गोळ्या मात्र नकोत. तांबी बसवण्यासाठी आधी हॉर्मोन घेऊन रक्तस्राव घडवून आणायचा, हा उगाच घातलेला वळसा आहे. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी तर तुमची पाळी नेमकी कशाने लांबली, हेच कळेनासं होईल.

आता आईंच्या भीतीबद्दल. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. फक्त त्या बोट ठेवतात ती जागा चुकीची आहे. सिझेरियनच्या टाक्यांमुळे वर्षभर थांबावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार बाळंतपण नैसर्गिक असो वा सिझेरियन, चार आठवड्यांनंतर तांबी बसवता येते. गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आपल्या मूळ आकारावर येतं आणि तुम्हाला तर पाच महिने झालेत. तथ्य आहे ते वेगळ्या गोष्टीत. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आणि विशेषतः अंगावर पाजत असताना गर्भाशयाची भिंत मऊ असते, त्यामुळे तांबी बसवताना तिला भोक पडण्याची शक्यता थोडी वाढते. युरोपातल्या सहा देशांत 61 हजारांहून जास्त स्त्रियांचा पाठपुरावा करून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण पाहता हजारात एक-दोघींच्या बाबतीत असं घडलं होतं. पाजणाऱ्या आणि बाळंतपणाला नऊ महिने व्हायचे असलेल्या बायकांत हे प्रमाण हजारात पाच-सहाच्या आसपास होतं. या अभ्यासात तांबीने भोक पडलेल्यांपैकी कुणाच्याही पोटातल्या इतर अवयवांना गंभीर इजा झाली नव्हती.

हजारात पाच-सहा हा आकडा शून्य नाही. आणखी चार-पाच महिने अगदी नियमाने कंडोम वापरण्याची तुमची दोघांची तयारी असेल आणि तोवर थांबून ही शक्यता कमी करावी असं वाटत असेल, तर तोही निर्णय शहाणपणाचाच. पण ‘सांभाळून’ घेत थांबणं हा त्याला पर्याय नाही. एका पारड्यात हजारात पाच-सहा, दुसऱ्यात शंभरात वीस. शिवाय सिझेरियननंतर लगेच पुन्हा दिवस गेले, तर त्या जखमेवर ताण येतो. म्हणूनच एका मुलाच्या जन्मानंतर पुढची गर्भधारणा निदान 24 महिन्यांनी व्हावी, असं सांगितलं जातं. पिशवीची काळजी वाटते म्हणून तांबी टाळायची आणि वर्षाच्या आत त्याच पिशवीत दुसरा गर्भ वाढवायचा, हे आईंनाही पटणार नाही. त्यांना हे असंच सांगून बघा.

तांबी बसवताना मात्र डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा : सिझेरियन कधी झालं आणि अजून पाजताय. ज्यांचा हात या कामात बसलेला आहे, त्यांच्याकडेच जा. ‘महिन्याला किती तांब्या बसवता?’ असं विचारलेलं चांगल्या डॉक्टरला खटकत नाही.

हे सदर वाचणाऱ्या सगळ्या काही तुमच्याच टप्प्यावर नसतील, म्हणून जरा बाजूला वळते.

ज्या अजून गरोदर आहेत, त्यांना सगळ्यात सोयीची वेळ बाळंतपणाच्या टेबलावरच मिळते. वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत, किंवा सिझेरियनमध्ये टाके घालण्याआधी त्याच छेदातून तांबी ठेवता येते. ते राहून गेलं, तर 48 तासांपर्यंत. वेगळी खेप नाही, वेगळी तपासणी नाही, आणि गरोदर नसल्याची खात्री तर समोर पाळण्यातच असते. तोटा असा की त्या वेळी गर्भाशय मोठं आणि आकुंचन पावणारं असतं, त्यामुळे तांबी आपोआप बाहेर पडण्याचं प्रमाण नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त आहे. तांबीच्या टोकाला खाली योनीमार्गात येणारा दोरा असतो; सिझेरियनमध्ये ठेवलेल्या तांबीचा तो कधी कधी वरच राहतो आणि मग जागा पाहायला सोनोग्राफी लागते. ताप आला असेल, पाणी जाऊन फार वेळ झाला असेल किंवा रक्तस्राव आटोक्यात नसेल, तर त्या वेळी बसवत नाहीत. 48 तास उलटले की चार आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबतात. आणि हा निर्णय कळा सुरू व्हायच्या आधी घ्यायचा असतो. नवव्या महिन्यातल्या एखाद्या तपासणीत तांबीचा विषय तुम्हीच काढा, होकार-नकार केसपेपरवर लिहून घ्या. कळांनी तळमळणाऱ्या बाईला विचारून घेतलेल्या ‘हो’ला मी तरी संमती म्हणत नाही.

गर्भपात झाला किंवा करून घेतला, तर पिशवी साफ केल्यावर त्याच वेळी तांबी बसवता येते. गोळ्यांनी झाला असेल, तर सगळं बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर. जंतुसंसर्ग असेल तर आधी उपचार.

ज्यांची पाळी नियमित आहे, त्यांना महिन्यातला कुठलाही दिवस चालतो, फक्त गरोदर नसल्याची खात्री हवी. तांबी दोन प्रकारची मिळते, तांब्याची आणि हॉर्मोन सोडणारी. पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांत तांब्याची तांबी बसवायची असेल, तर वेगळं काही सिद्ध करत बसावं लागत नाही. ती बसल्या क्षणापासून काम करते. हॉर्मोनची तांबी पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत बसवली तर लगेच भरवशाची, त्यानंतर बसवली तर पुढचे सात दिवस कंडोम हवा. एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते : असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांब्याची तांबी ही तातडीच्या गर्भनिरोधनाची सगळ्यात खात्रीची पद्धत आहे, त्यासाठी मिळणाऱ्या गोळ्यांपेक्षाही. कंडोम फाटला, आणि नाही तरी तांबी बसवायचं मनात होतंच, तर ती वेळ दवडू नका.

आता जाऊबाई. त्यांचं खोटं नाही. तांब्याच्या तांबीने पाळी जड होते, पोटात जास्त दुखतं, पहिल्या तीन ते सहा महिन्यांत तर नक्कीच. बऱ्याच जणींचं त्यानंतर निवळतं, काहींचं निवळत नाही. रक्तस्राव आणि कळा कमी करणाऱ्या गोळ्या पाळीच्या दिवसांत घेता येतात, त्यासाठी डॉक्टरांशी बोला. पण जाऊबाईंचं शरीर तुमचं नाही. त्यांची पाळी आधीपासूनच जड होती का, रक्त कमी होतं का, हे विचारलंत का? तुमची पाळी बाळंतपणाआधी कशी होती, हे तुमच्या निर्णयासाठी त्यांच्या अनुभवापेक्षा महत्त्वाचं आहे. चार-पाच दिवस, बेताची, असं असेल तर तांब्याची चालून जाईल. गाठी पडणारी, सात-आठ दिवस चालणारी असेल किंवा सिझेरियननंतर हिमोग्लोबिन अजून वर आलेलं नसेल, तर हॉर्मोनच्या तांबीबद्दल विचारा. तिने पाळी उलट हलकी होते, काहींची थांबतेच. थांबली तर घाण रक्त आत साठतं, असं काही नसतं. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, मग बाहेर पडणार काय? सुरुवातीचे काही महिने मध्येच डाग लागणं, थोडं थोडं रक्त दिसणं, हा तिचा त्रास. अंगावर पाजताना दोन्ही चालतात. हिमोग्लोबिन मात्र तांबी बसवण्याआधी तपासून घ्या, हे कुणीही सुचवायची वाट पाहू नका.

दहा वर्षांची तांबी तीन वर्षांसाठी का? कारण दहा ही कमाल मुदत आहे. कॉपर टी 380 ए दहा वर्षं काम करू शकते, याचा अर्थ ती दहा वर्षं ठेवलीच पाहिजे असा नाही. हवी तेव्हा काढता येते आणि काढल्यावर गर्भ राहण्याची क्षमता लगेच परत येते. कमी मुदतीच्याही तांब्या मिळतात. पण तीन वर्षांचं ठरवलेलं चार-पाचांवर जाणं घराघरांत घडतं, तेव्हा मुदत हाताशी असलेली बरी.

तांबीने पुढे मूल होत नाही, ही भीती तुमच्या पत्रात थेट नाही, पण ‘दुसरं हवंय’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणून बोलते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘डॅल्कन शील्ड’ नावाचं एक साधन निघालं होतं. त्याचा दोरा अनेक बारीक तंतूंचा होता आणि त्या तंतूंमधून जंतू वर चढत. जंतुसंसर्गाच्या इतक्या तक्रारी आल्या की 1974 मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली, पण सगळ्याच तांब्यांचं नाव खराब झालं ते झालंच. आजच्या तांब्यांचा दोरा एकसंध तंतूचा असतो. ओटीपोटात जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या 20 दिवसांत. सुमारे 23 हजार तांब्यांच्या नोंदी तपासून 1992 मध्ये हे दाखवलं गेलं. त्या दिवसांत तो नंतरच्या काळापेक्षा सहापटीहून जास्त होता, आणि पुढे वर्षानुवर्षं अगदी कमी राहिला. याचा अर्थ धोका तांबी आत असण्यात कमी आणि बसवताना खालचे जंतू वर जाण्यात जास्त आहे. म्हणून आधीच काही संसर्ग असेल, दुर्गंधी येणारं पांढरं किंवा पिवळं जात असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर आधी तपासणी आणि उपचार, मग तांबी. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांपासून तांबी वाचवत नाही, तिथे कंडोमच लागतो.

काहींनी तांबीच्या वाटेला जाऊच नये : कारण न कळलेला रक्तस्राव चालू आहे, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आहे, जननमार्गाचा क्षयरोग आहे किंवा फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या गाठींमुळे) गर्भाशयाची पोकळीच वेडीवाकडी झाली आहे. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर हॉर्मोनची नको. मूल झालेलं नाही, एवढं कारण मात्र नकारासाठी पुरेसं नाही.

एक विचारू का? तुम्ही सिझेरियनबद्दल, जाऊबाईंबद्दल, मुदतीबद्दल विचारलंत. दुखेल का, हे विचारलं नाहीत. अनेक बायका ‘पाळी आली की’ म्हणत महिने काढतात, तेव्हा मागे तपासणीच्या टेबलाची धास्ती असते. तुमचंही तसं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिथे काय होतं ते सांगते, बहुतेक वेळा तेवढंही कुणी सांगत नाही.

आधी डॉक्टर हाताने तपासून गर्भाशय पुढे झुकलंय की मागे, ते पाहतात. मग योनीमार्ग उघडा ठेवणारं उपकरण लावून गर्भाशयाचं तोंड औषधाने पुसतात. ते स्थिर राहावं म्हणून चिमट्याने धरतात, इथे पहिली चिमटल्यासारखी कळ येते. मग एक बारीक सळई आत घालून गर्भाशयाची खोली मोजतात, साधारण सहा ते नऊ सेंटीमीटर भरते. दुसरी कळ इथे, पाळीच्या कळेसारखी, कधी तिच्याहून जोरात. तांबी स्वतः इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, उंचीला साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. तिचे दोन्ही हात खाली मिटवून ती एका बारीक नळीत बसवतात, ती नळी मोजलेल्या खोलीपर्यंत नेतात आणि आतला दांडा तसाच धरून नळी तेवढी मागे ओढतात. हात आत उघडतात. नळी बाहेर येते, खाली लोंबणारे दोरे तीनेक सेंटीमीटर ठेवून कापतात. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम.

कुणाला चिमूटभर दुखतं, कुणाला डोळ्यांत पाणी येतं, काहींना घाम फुटून चक्कर येते. ज्यांचं योनीमार्गे बाळंतपण झालेलं नाही, त्यांना थोडं जास्त दुखू शकतं आणि तुम्ही त्यांच्यातल्या आहात. म्हणून दुखणं कमी करण्यासाठी काय करता येईल, हे आधीच विचारा. गर्भाशयाच्या तोंडाशी बधिरतेचं इंजेक्शन किंवा जेल वापरता येतं. वेदनाशामक गोळीने नंतरच्या कळा कमी होतात, पाजताना चालणारी कोणती ते डॉक्टर सांगतील. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला प्रत्येक पायरीवर आहे. उपाशीपोटी जाऊ नका. झाल्यावर लगेच उठून उभ्या राहू नका. त्या दिवशी बाळाला सांभाळायला कुणीतरी असू द्या.

ते ‘कुणीतरी’ तुमचा नवरा असावा, असं मला वाटतं. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ हे वाक्य समजूतदार आहे, पण त्यात माहिती काढण्याचं, दुखण्याचं आणि निर्णय चुकला तर ऐकून घेण्याचं, सगळं काम तुमच्या अंगावर येतं. त्याला हे पत्र वाचायला द्या. पुढचे तीन आठवडे कंडोम आणण्याची जबाबदारी त्याची. तुम्हाला दुसरं मूल हवं असताना नसबंदीचा प्रश्नच येत नाही, पण दुसऱ्या मुलानंतर पुरुष नसबंदीचा विषय घरात निघायला हरकत नाही. ती बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे.

बसवून झाल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी एकदा दाखवून या. साधारण वीसात एकीची तांबी सरकून बाहेर पडते, बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत आणि पाळीच्या दिवसांत, कधी कळतसुद्धा नाही. म्हणून पाळी सुरू झाल्यावर दर वेळी ती संपली की हात स्वच्छ धुऊन बोटाने दोरा चाचपून बघा. दोरा लागला की झालं, ओढायचा नाही. लागलाच नाही, पूर्वीपेक्षा लांब वाटला किंवा टोचणारं टणक काही लागलं, तर कंडोम सुरू करा आणि दाखवा. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर तो काढताना आधी त्याची पकड सोडवा, दोरा त्याच्याबरोबर ओढला जाऊ शकतो. ताप, ओटीपोटात न थांबणारं दुखणं, दुर्गंधी येणारा स्राव, किंवा पाळी सुरू झाल्यावर ती चुकणं, यांपैकी काहीही झालं तर दोन दिवस बघू असं म्हणू नका. तांबी असताना गर्भ राहणं फार दुर्मीळ, पण राहिलाच तर तो गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते.

आणि तीन वर्षांनी काढायची वेळ आली की महिन्यातला कुठलाही दिवस चालेल. दोरा धरून हलकेच ओढतात, मिनिटाभराचं काम, बसवण्याइतकं सहसा दुखत नाही. फक्त त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात, हे लक्षात ठेवून फॉलिक अॅसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी काढण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करा.